दिवे लागल्यावर विरजण

“साहेब, इथं माणूस गळा फाडून बोंबलला ना, तरी खाली गावात ऐकू जायचं नाय.”

जागा दाखवायला आलेला रावसाहेब नावाचा एजंट हे कौतुकाने सांगत होता. मी गाडीतच बसले होते, काच अर्धी खाली करून. पप्पा हसले.

“तेच पाहिजे मला,” ते म्हणाले. “तीस वर्षं लोकांची कटकट ऐकली. आता फक्त वारा ऐकायचा.”

खुलताबादच्या वरच्या अंगाला एक कच्चा रस्ता जातो, त्याच्या टोकाला तो प्लॉट होता. वाळलेलं गवत, चार सीताफळीची झाडं, कोपऱ्यांवर चुना फासलेले दगड. पप्पा पावलं टाकत जागा मोजत होते. इथे झोपाळा, इथे पेरू, इथे खुर्ची टाकून सकाळचा चहा. मे महिन्यात ते रिटायर होणार होते आणि सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं. मागच्या सीटवर माझ्या शेजारी पेढ्यांचा बॉक्स होता. जागेला होकार दिला की तिथल्या तिथे पेढे वाटायचे, असं त्यांनी निघतानाच ठरवलं होतं. बंद गाडीत वेलदोड्याचा वास भरून राहिला होता.

मम्मी प्लॉटच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभी होती. उजवं मनगट तिने डाव्या हाताने धरलं होतं. गार वाऱ्यात ते दुखतं. ती मान हळूहळू फिरवत चारी बाजूंना बघत होती, आणि ती काय शोधतेय हे मला माहीत होतं. सगळ्यांत जवळचं छप्पर म्हणजे खाली उतारावरची एक पत्र्याची शेड, काडेपेटीएवढी दिसणारी. आणि पलीकडच्या टेकडीवर, तलावाच्या काठाला, छत गेलेला एक पिवळा बंगला. त्याच्याकडे आम्ही तिघंही बघत नव्हतो.

दिवाळीपासून आम्ही जागा बघत फिरत होतो. पप्पांची सगळी नोकरी कालव्यांवर आणि तलावांवर गेली, जिल्ह्यातली माती त्यांना हातात घेऊन ओळखता येते. गंगापूरकडे नदीकाठी एक तुकडा मिळत होता. “काळी जमीन आहे, भिंती तडकतात,” म्हणून त्यांनी तो सोडला. क्रांती चौकाच्या मागे दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट होता, तिथे ते पाच मिनिटंही थांबले नाहीत. “हॉर्नमध्ये मरायचं का?” मम्मी मात्र त्या फ्लॅटच्या प्रत्येक खोलीत गेली आणि बोटांच्या पेरांनी भिंती वाजवत राहिली. बिल्डरच्या माणसाला वाटलं ती बांधकाम तपासतेय. “मॅडम, एकदम पक्कं काम हाय, पलीकडं बँड लावला तरी तुमाला पत्ता लागायचा नाय,” तो म्हणाला. मम्मीचा चेहरा पडला. मग तिने स्वयंपाकघराची भिंत वाजवली. ती पातळ होती. पलीकडून कुणीतरी लसूण ठेचत होतं, तो आवाज स्पष्ट आला. मम्मी तिथे बराच वेळ उभी राहिली, देवळात उभी राहावी तशी.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “मम्मी, तू सांग ना, तुला तो फ्लॅट पाहिजे.”

“मी मागितला तर तो मिळायचाच राहील,” ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडत बसली.

गंगापूरची क्वार्टर्स म्हणजे एकाच पत्र्याखाली ओळीने सहा घरं. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मी चार-पाच वर्षांची होते. मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या, वर वीतभर फट होती. त्या फटीतून शेजारच्या फोडणीचा ठसका आमच्याकडे यायचा, आणि आमच्याकडचं सगळं तिकडे जायचं. गाळप सुरू झालं की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास सगळ्या गावावर बसायचा. रस्त्यावर ट्रकमधून पडलेले ऊस, बाभळींना आणि तारांना अडकलेला कापूस. संध्याकाळी जीप स्टँडवरून “वाळूज, वाळूज, संभाजीनगर” अशी आरोळी यायची. शेवटी संभाजीनगर म्हणायचे की औरंगाबाद, ते आता नीट आठवत नाही. आरोळी थांबली की पप्पा घरी यायची वेळ झालेली असायची.

आधी भांडं यायचं. तांब्या भिंतीवर आदळला की घंटेसारखा लांब आवाज होतो. कुकरचं झाकण बद्द वाजतं. ताट पडलं की आपल्या कडेवर गोल गोल फिरत राहतं, आणि ते थांबेपर्यंत घरात कुणी श्वास घ्यायचं नाही. मग हात. हाताचा आवाज भांड्यापेक्षा लहान असतो, दगडावर धुणं आपटल्यासारखा. मम्मी ओरडायची नाही. तिच्या तोंडून फक्त हवा बाहेर पडायची. का मारायचे ते मला आठवत नाही. भाकरी असेल, सापडत नसलेली किल्ली असेल, माहेरून आलेलं पत्र असेल. कारणं पुसली गेली आणि आवाज तेवढे राहिले. आमच्या प्रत्येक भांड्यावर मम्मीचं नाव कोरलेलं आहे आणि प्रत्येक भांड्याला पोचे आहेत. डोळे मिटून, नुसतं चाचपून मी सांगू शकते, हा पोचा गंगापूरचा, हा बंगल्यातला. सगळ्यांत नवा या दिवाळीचा.

घरात या गोष्टीला नाव नव्हतं. “पप्पांचं डोकं दुखतंय,” असं आम्ही म्हणायचो. इंग्रजी शाळेत ‘माझे वडील’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा माझ्या वडिलांना झाडं फार आवडतात, असं मी लिहिलं. ते खरंच होतं. प्रत्येक बदलीच्या गावी त्यांनी झाड लावलं आहे. बाईंनी वहीवर तारा दिला.

गंगापूरला आमच्या शेजारी भागाकाकू राहायच्या. त्यांच्या नवऱ्याची नदीकाठी शेती, मागच्या दाराला दोन म्हशी. आमच्याकडे ताट फिरायचं थांबलं की दोन-तीन मिनिटांत काकू दारात. हातात स्टीलची रिकामी वाटी, डोक्यावर पदर.

“वैनी, इरजण हाय का वं थोडं?”

पप्पांचा हात खाली यायचा. शर्ट नीट व्हायचा. परक्या माणसासमोर ते फार चांगले वागतात, अजूनही. “या या, वहिनी, बसा,” म्हणत ते स्वतः पाट सरकवायचे. मग हसून म्हणायचे, “अहो, दोन म्हशी तुमच्याकडं, अन् विरजण आमच्याकडं?”

“म्हशी दूध देत्यात भाऊजी, इरजण थोडीच देत्यात.”

“पण आता दिवे लागले की. आता कसं द्यायचं?”

दिवे लागल्यावर घरातून विरजण बाहेर देत नाहीत. हे काकूंना माहीत होतं, मम्मीला माहीत होतं, पप्पांना तर होतंच. “व्हय की, इसरलेच बघा,” म्हणत काकू पाटावर बसायच्या आणि अर्धा तास उठायच्या नाहीत. कपाशीवरची कीड, म्हशीचं वासरू, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. त्या बोलत राहायच्या आणि घरातला राग चहाच्या सायीसारखा गार होत जायचा. मग रिकामी वाटी घेऊन त्या परत जायच्या. तीन-चार वर्षांत त्यांनी आमच्याकडून चमचाभरसुद्धा विरजण नेलं नाही.

मला वाटायचं, भागाकाकू विसराळू आहेत.

मी आठ वर्षांची असताना पप्पांची बदली खुलताबादला झाली आणि त्यांना तलावाकाठचा तो पिवळा बंगला राहायला मिळाला. चार खोल्या, उंच जोतं, समोर पाणी. पप्पा इतके खूश होते की त्यांनी मला खांद्यावर बसवून सगळा बंगला दाखवला. पहिल्याच दिवशी सामान उतरायच्या आधी मम्मी वाटी घेऊन बाहेर पडली. मी व्हरांड्यातून बघत होते. ती रस्त्याच्या वळणापर्यंत गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. वाटी तिने धुतली आणि फळीवर उपडी घातली.

तो हिवाळा मला वासासकट आठवतो. पेरूंचा वास, जो दाराखालून घरात शिरायचा. खालून दर्ग्याकडून वाऱ्यावर येणारा लोबान. तलावातल्या शेवाळाचा हिरवा वास. जवळ खडीची खाण होती. दुपारी तिथे सुरुंग लागायचे. आधी तीन शिट्ट्या वाजायच्या, लाल निशाण वर चढायचं, मग धडाका व्हायचा आणि फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. मला सुरुंगाची भीती वाटायची नाही, कारण त्याच्या आधी शिट्टी वाजायची.

तो रविवार होता. मी व्हरांड्यात गणितं सोडवत होते. आतून तांब्याचा आवाज आला, मग कुकरचं झाकण, मग ताट. ताट फिरायचं थांबलं. मी दाराकडे बघितलं. दारात कुणीच आलं नाही. धुणं आपटल्याचा आवाज सुरू झाला आणि थांबेना. मग एक वेगळाच आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा, आणि मम्मी ओरडली. तिचा ओरडा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो तलावावरून पलीकडे गेला आणि पलीकडच्या टेकडीवरून परत आला. बाकी काही झालं नाही.

मी स्वयंपाकघरात शिरले आणि फळीवरची वाटी उचलून पळत सुटले. अनवाणी. गवतातली कुसळं फ्रॉकला चिकटत होती. वेशीच्या दरवाजातून आत गेल्यावर जे पहिलं घर दिसलं, त्याच्या उंबऱ्यावर एक बाई दर्ग्याच्या चादरीसाठी गुलाब ओवत बसली होती. मी तिच्यासमोर वाटी धरली.

“क्या होना, बेटा?” तिने विचारलं.

मी शाळेतही बोट वर न करणारी मुलगी. घरात जे नाव नव्हतं, ते मी तिला कसं सांगणार? मला येत होतं तेवढंच मी बोलले.

“विरजण.”

“दही जमाने कू? हौ, बैठ.”

ती आत गेली आणि घट्ट दह्याने वाटी भरून घेऊन आली. वर कागद झाकला. तिच्या बोटांवरची एक गुलाबाची पाकळी वाटीच्या कडेला चिकटली होती. “और कुछ होना?” तिने विचारलं. मी मान हलवली. भरदुपार होती, दिवे लागायला वेळ होता. मी विरजण मागितलं आणि तिने ते दिलं. तिचं काय चुकलं?

दही सांडू नये म्हणून परत येताना मी हळू चालले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वाटी दोन्ही हातांत धरून, पावलं जपत, मी हळू चालत आले.

पप्पा व्हरांड्यात बसून पेरू कापत होते. फोडींवर तिखट-मीठ. मारल्यावर ते नेहमी फळ कापायचे, आणि सगळ्यांत गोड फोड मम्मीसाठी बाजूला ठेवायचे. मम्मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. मनगट सुजून निळं झालं होतं. तिने माझ्या मागे दाराकडे बघितलं.

“कोण आलंय?”

“कोणी नाही,” मी म्हणाले. “दही दिलं.”

तिने वाटीत बघितलं, कितीतरी वेळ. मग ती भिंतीला धरून उठली, डाव्या हाताने दूध कोमट केलं आणि त्याला विरजण लावलं. त्यानंतर पप्पा तिला दवाखान्यात घेऊन गेले. “बाथरूममध्ये घसरली,” त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दही छान लागलं होतं. घट्ट, गोड, किंचित गुलाबाचा वास असलेलं. पप्पांनी दोनदा मागून घेतलं. मला तेव्हापासून पेरूचा वास सहन होत नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं शहरात, जुन्या वस्तीत भाड्याच्या घरात गेली. शेजारच्या शमीम खालांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, आणि गच्चीवर कमरेएवढा कठडा. सामानाचा टेम्पो गल्लीत उभा असतानाच मम्मी वाटी घेऊन त्यांच्या दारात गेली. तिचं विरजण तिने बरोबर आणलं होतं, बरणीत घालून, मांडीवर धरून. तरी तिने मागितलं. मी तिच्या मागे उभी होते.

“तुम्हीपण येत जा माझ्याकडे मागायला,” मम्मी त्यांना म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “दिवे लागल्यावरसुद्धा. आवाज आला की या.”

खालांनी तिच्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे बघितलं. “हौ, बाजी,” एवढंच त्या म्हणाल्या.

भागाकाकू विसराळू नव्हत्या, हे मला त्या दारात उभी असताना कळलं. आणि मी वाटी घेऊन कुठे, कशाला पळाले होते, तेही.

एकदा शहरात कर्फ्यू लागला. रस्त्यावर शिट्ट्या, बुटांचे आवाज, जळलेल्या टायरचा वास, खिडक्यांना आतून लावलेल्या फळ्या. पप्पा पाच दिवस घरातच. सगळ्या गल्लीला बाहेरची भीती होती. मी आतल्या ताटाकडे लक्ष ठेवून होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच तांब्या गेला. दारातून यायची कुणाला सोय नव्हती. तेवढ्यात वर गच्चीतून हाक आली.

“बाजी! ओ बाजी! थोडा जामन होना था!”

जामन म्हणजे विरजण. मम्मी पदर सावरत वर गेली. मागोमाग पप्पाही गेले, हसतमुख होऊन. कठड्यावरून खालांचा बांगड्यांनी भरलेला हात वाटी धरून पुढे आला होता.

“खाला, कर्फ्यू में दूध कहाँ से आया आपके यहाँ?”

“दूध नै आया तो क्या हुआ, भाईजान? जामन तो लगताच.”

पाच दिवसांत तो हात किती वेळा कठड्यावर आला, मी मोजलं नाही. खाला आता नाहीत. ते घर पाडून तिथे दुकानं झाली. मग आम्ही क्वार्टरमध्ये आलो. तिथेही दोन्हीकडे माणसं होती, वाट्या जात-येत होत्या. आणि जूनमध्ये मी नोकरीसाठी पुण्याला जाणार आहे.

टेकडीवरचा वारा वाढला. मी गाडीतून उतरले. मम्मीने रुमाल काढायला पर्स उघडली तेव्हा मला आतली स्टीलची वाटी दिसली. जागा बघायला जाताना प्रत्येक वेळी तिने ती बरोबर नेली असणार.

“ताई, तुमी तर कायच बोलंना,” रावसाहेब तिला म्हणाला. “घर शेवटी बाईमाणसाचं असतंय. बोला, काय कमी हाय इथं?”

“काही नाही,” मम्मी म्हणाली. “छान आहे.”

“तिला काय विचारता, तिला सगळं चालतं,” पप्पा म्हणाले. गाडीतून आणलेला बॉक्स त्यांनी उघडला आणि पहिला पेढा तिच्यापुढे धरला. मम्मीने डावा हात पुढे केला.

“शेजार,” मी म्हणाले.

वाऱ्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, “शेजार नाही इथे.”

पप्पा हसले. “तुला कशाला पाहिजे शेजार? तू तर चाललीस पुण्याला.”

“येतंय की शेजार, ताई,” रावसाहेबही हसत म्हणाला. “दोन-चार वर्सांत बघा, निस्ते बंगलेच बंगले.”

मम्मी माझ्याकडे बघून मान हलवत होती, अगदी बारीक, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतकी. ती खूण मला लहानपणापासून पाठ आहे. तिच्या डाव्या हातात पेढा तसाच होता. भरदिवस होता आणि आमच्यासमोर एक परका माणूस उभा होता. मी पप्पांकडे बघितलं नाही. मी रावसाहेबाकडे वळले.

“पप्पा मम्मीला मारतात,” मी म्हणाले. “म्हणून शेजार पाहिजे.”